सौरघट : योगायोगातून लागलेला शोध

सूर्यप्रकाशापासून थेट वीज निर्माण करणारे अर्धसंवाहक (सिलिकॉनसारख्या, वीज अर्धवट वाहू देणाऱ्या पदार्थाचे) साधन. पुण्यात ‘सोलर’ म्हटले की अजूनही आधी आठवतो तो गच्चीवरचा पाणी तापवणारा बंब. ‘तुमच्याकडे सोलर आहे का?’ म्हणजे आंघोळीला फुकटचे गरम पाणी मिळते का, एवढाच प्रश्न. ही नोंद त्याच्या शेजारच्या निळ्या-काळ्या पॅनेलबद्दल, म्हणजे ते ज्यांचे बनते त्या सौरघटांबद्दल आहे. काळा रंग आणि काच यांनी उष्णता कोंडायची, हे बंबाचे तत्त्व जुने आणि सरळ. पॅनेलचा इतिहास मात्र भलतेच काही करायला निघालेल्या माणसांनी घडवला.

द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की वीज निर्माण होते, हे फ्रान्समध्ये एदमाँ बेकरेल याने १८३९ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी दाखवले होते. खरा योगायोग १८७३ चा. इंग्लंडमधील विलोबी स्मिथ याला समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबली तपासण्यासाठी मोठा आणि स्थिर विद्युत्‌रोध हवा होता, म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. मोजमापे काही जुळेनात. कांड्यांच्या पेटीचे झाकण सरकवले की रोध घटे, बंद केले की वाढे. ज्या कामासाठी सेलेनियम आणले त्याला ते नालायक ठरले, पण प्रकाशाचा त्यावर परिणाम होतो हे कळले. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्स याने त्यावर सोन्याचा पातळ थर देऊन घट बनवला. त्याची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशऊर्जेपैकी विजेत बदलणारा वाटा, जेमतेम १ टक्का.

सिलिकॉनची कथा याहून रंजक आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रसेल ओल १९४० मध्ये रेडिओलहरी टिपण्यासाठी सिलिकॉनचे नमुने तपासत होता. त्यातल्या एका तुकड्याला मधोमध तडा गेलेला. असा माल कोणीही बाजूला टाकला असता. ओलने तो दिव्याखाली धरला, तर सुमारे अर्धा व्होल्ट विद्युत्‌दाब दिसला. वितळलेले सिलिकॉन थिजताना त्यातली अशुद्ध द्रव्ये वेगवेगळ्या भागांत साचली होती. त्यामुळे एक भाग पी-प्रकारचा (वीज धन भार वाहून नेतात असा), दुसरा एन-प्रकारचा (ऋण भार वाहून नेतात असा) झाला होता आणि दोहोंची सीमा नेमकी त्या तुकड्यात आली होती. हीच पी-एन संधी. प्रकाशाने सुटे झालेले ऋण आणि धन भार तिथले विद्युत्‌क्षेत्र दोन बाजूंना ओढून नेते.

त्याच प्रयोगशाळेत चेपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी १९५४ मध्ये सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा घट जाहीर केला. आज बाजारातली पॅनेले २० टक्क्यांच्या आसपास आहेत. पेरोव्स्काइट या नव्या पदार्थाचा घट २००९ मध्ये ३.८ टक्क्यांवर होता, आता प्रयोगशाळेत २५ टक्क्यांपुढे गेला आहे. पण ओलावा त्याला सोसत नाही. पुण्यात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञानसंस्था येथे या पदार्थांवर काम झाले आहे. खिडकीबाहेर चार महिने पाऊस असणाऱ्या गावात ओलाव्याचा प्रश्न काही पुस्तकी राहत नाही.

ओलला दिसलेला तो अर्धा व्होल्ट आजही सिलिकॉनच्या प्रत्येक घटाचा साधारण दाब आहे. म्हणून पॅनेलमध्ये असे घट माळेसारखे एकापुढे एक जोडतात. कोथरूडच्या एखाद्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली मोजक्या घटांवर पडली, तरी त्या माळेची वीज झरकन उतरते. टाकी हलवता येत नाही, आणि दक्षिणेकडची चांगली जागा बहुधा बंबाने आधीच धरलेली असते.