थंड उच्चप्रदेशातील स्वयंपूर्ण घरशेती

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटरच्या वर, जिथे वर्षाला जेमतेम एक पीक हाती लागते, तिथे घरचे शेत, घरची जनावरे आणि घरची साठवण यांवर वर्ष काढण्याची राहणी. भारतात तिचे ठळक उदाहरण लडाख. ठाणे-नवी मुंबईच्या वाचकाला ही राहणी आगोटीच्या बेगमीवरून लगेच कळेल. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत मिरगाआधी कणगीत भात, डब्यात सुकट-बोंबील, पडवीत लाकूडफाटा भरून ठेवत. ती बेगमी चार महिन्यांच्या पावसाची. लडाखी घराची बेगमी असते गोठलेल्या जमिनीच्या सहा महिन्यांची.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथे वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून सुमारे १०० मिलिमीटर पाणी पडते. ठाण्यात जुलैतला एखादा दिवसही तेवढे देऊन जातो. त्यामुळे शेती आभाळावर नव्हे, वितळत्या बर्फावर चालते. ओढ्याचे पाणी पाटाने शेतात येते आणि कोणाची पाळी कधी हे छुरपोन ठरवतो. आपल्याकडच्या पाटकऱ्याचेच हे काम. खरी अडचण एप्रिल-मेमध्ये येते. पेरणीला पाणी हवे असते, पण उंचावरचा बर्फ अजून हललेला नसतो. अभियंता छेवांग नोर्फेल यांनी यावर १९८०च्या दशकापासून हिवाळ्यातले वाहते पाणी अडवून गोठवण्याचा मार्ग काढला. २०१३-१४च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी बर्फाचा स्तूप उभारला. नळातून उतारावरून आलेले पाणी स्वतःच्याच दाबाने वर उडते आणि शंकूच्या आकारात गोठते. शंकूला ऊन कमी लागते, म्हणून तो वसंतापर्यंत टिकतो. पंप लागत नाही.

मुख्य पीक सातू. त्याखेरीज गहू, वाटाणा, बटाटा, सलगम, आणि खालच्या खोऱ्यांत जर्दाळू. लेहमध्ये पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. भाजण्याला ही अडचण नाही. सातू भाजून दळला की पीठ चहात कालवून, पुन्हा न शिजवता खाता येते, आणि मुळातच तुटपुंजे असलेले सरपणही वाचते. कंदमुळे जमिनीतल्या खड्ड्यात ठेवतात, पालेभाज्या नि जर्दाळू वाळवतात, ताकाचे छुर्पे म्हणजे वाळके चीज करतात. गवत आणि फाटा घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, रचतात. मुरबाड-शहापूरकडे पेंढ्याची उडवी असते, तसाच तो ढीग दिसतो.

या राहणीचा सर्वांत शहाणा भाग म्हणजे संडास. झाडे कमी, म्हणून शेण चुलीत जाते. मग शेताला खत कुठून आणायचे? वरच्या मजल्यावरच्या कोरड्या संडासात प्रत्येक वेळी माती-राख लोटतात. खालच्या खोलीत त्याचे खत होते आणि ते शेतात जाते. पाणी लागतच नाही, त्यामुळे गोठण्याचा प्रश्नही येत नाही. शहरातला माणूस इथे नाक मुरडतो, पण हे खत नसते तर त्या वाळूखडीत सातू पिकला नसता.

घर मातीच्या विटांचे, तोंड दक्षिणेला. पारंपरिक घरात खाली जनावरे, वर माणसे, आणि हिवाळा काढायचा तो चुलीच्या खोलीत. दक्षिणेला प्लास्टिकचा कागद लावलेले हरितगृह केले, की उन्हाच्या बळावर हिवाळ्यातही पालेभाजी मिळते. ही सुधारणा अलीकडची. धाब्याचे घर कोरड्या हवेसाठी असते. ऑगस्ट २०१०च्या ढगफुटीत लेह परिसरात अशी कितीतरी घरे कोसळली.

इथले घर स्वयंपूर्ण असले तरी एकटे नसते. आडरानात एकट्याने राहून सगळे पिकवण्याचे जे चित्र शहरात रंगवले जाते, ते इथे एक हिवाळाही टिकणार नाही. एका कुलदैवताची काही घरे मिळून फासपुन होतो. जन्म, लग्न, मरण यांत तो धावून येतो. पेरणी-कापणीला कोकणातल्या सावडीसारखी एकमेकांची मदत असते. आणि मीठ घरी पिकत नाही. ते चांगथांगच्या पठारावरून छांगपा मेंढपाळ लोकरीबरोबर आणत आणि बदल्यात सातू नेत. नवी मुंबई वसण्याआधी खाडीकाठचा आगरीही भात घरी पिकवून खाई आणि मिठागरातले मीठ बाहेर विकी.