पाण्याने शॉक नाही, रुसवा तेलाचा

"वाफेचं इंजिन आणि विजेचे रूळ? पाणी सांडलं तर शॉक बसेल की!" बागेतल्या छोट्या रेल्वेचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. शॉक बसत नाही. या रुळांत जेमतेम १८ ते २४ व्होल्टची वीज असते, आणि ओल्या रुळांवरही गाड्या धावतात. अडचण आहे ती चाकात आणि तेलात.

चाकाचं आधी. १९६८ साली जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या लेहमान कंपनीने ४५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन रुळांवर धावणारी, एलजीबी नावाची विजेची छोटी गाडी बाजारात आणली. तिच्यात दोन रूळ म्हणजेच दोन तारा. ब्यूटेन गॅसवर पाणी उकळणाऱ्या इंजिनाला ही वीज नकोच असते, पण त्याची धातूची चाकं धातूच्या आसावर बसवलेली असतील तर ते दोन तारांवर आडवी सळई टाकल्यासारखंच झालं. लगेच शॉर्ट सर्किट. म्हणून चाक आणि आस यांच्यात प्लास्टिक घालतात. ते एकाच बाजूला असेल तर सांगाडा दुसऱ्या रुळाशी जोडलेलाच राहतो. अशी दोन इंजिनं उलटसुलट तोंडं करून धातूच्या कडीने जोडली, की पुन्हा शॉर्ट.

आता तेल. बॉयलरमध्ये दर चौरस इंचाला ४० पौंड दाब असला की वाफ १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. सिलिंडरमध्ये दट्ट्या सतत पुढेमागे होतो, त्याला वंगण हवंच. ते पोचवायला पंप नाही, झडप नाही, हलणारा एकही भाग नाही. असते फक्त तेलाने भरलेली पितळी कुपी. तिच्यातून वाफेची नळी जाते आणि नळीला एक बारीक भोक असतं. भोकातून थोडी वाफ कुपीत शिरते, गार भिंतीला लागून तिचं पाणी होतं. या दाबाची वाफ पाणी होताना सुमारे पाचशेपट आकसते, त्यामुळे मागून आणखी वाफ येत राहते. पाणी तेलापेक्षा जड, गरम असलं तरी जडच. ते तळाशी बसतं, तेल वर उचललं जातं आणि थेंबाथेंबाने भोकातून वाफेत मिसळतं. आर्किमिडीजला समजलेलं तत्त्व इथे बोटाएवढ्या भांड्यात काम करतं! जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज इंजिनियरने १८६० साली खऱ्या इंजिनांसाठी ही युक्ती काढली.

सिलिंडरमधून निघालेलं तेल वाफेबरोबर धुराड्यातून उडतं आणि रुळांवर पडतं. तेल वीजरोधक. पाठोपाठ येणाऱ्या विजेच्या गाडीची चाकं घसरतात, संपर्क तुटतो, बारीक ठिणग्या उडतात आणि त्या तेलाची काजळी करतात. ती चाकांवर चिकटली की गाडी अडखळते. "थेंबभर लावा, वर्षभर रूळ पुसू नका" अशा द्रवांच्या जाहिराती येतात. त्यांवर विसंबू नका. दर फेरीला नवं तेल पडतंच. विजेच्या गाड्या आधी चालवायच्या, वाफेच्या नंतर, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला फडका रुळांवरून फिरवायचा.

खेळ संपला, इंजिन निवलं, की कुपीचं झाकण उघडून पिचकारीने तळातलं पाणी ओढून काढायचं. काढायचं ते फक्त पाणी, वर तरंगणारं तेल नाही. पिचकारीत जितकं पाणी आलं, तितकंच तेल कुपीतून गेलेलं असतं.