खाद्य बदलले, आजार बदलले: पाळीव माशांतील जीवनसत्त्व-अभावाची पार्श्वभूमी

नदीतल्या माशाला किडे, प्लवक, लहान मासे असे ताजे आणि नाना तऱ्हेचे अन्न मिळते. टाकीतला मासा आपण घालू तेवढेच खातो. त्यामुळे खाद्यातली एखादी उणीव एकाच वेळी सगळ्या टाकीला भोवते, आणि पाहणाऱ्याला ती हमखास साथ वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ट्राउट जातीच्या माशांच्या संवर्धन केंद्रांत त्यांना ताजे यकृत आणि प्लीहा घालत. पुढे स्वस्त आणि टिकाऊ खाद्याचा शोध सुरू झाला. १९२७ च्या सुमारास पोषण-संशोधक क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, कृत्रिम खाद्यावर ट्राउट काही आठवडे तग धरतात, मग मरू लागतात. कच्चे यकृत दिले की वाचतात. यकृतातल्या त्या अनोळखी घटकाला त्यांनी ‘फॅक्टर एच’ असे नाव दिले. पुढे ब गटातली जीवनसत्त्वे एकेक करून हाती लागली, तसे हे कोडे सुटत गेले.

मांसाला दुसरा पर्याय होता कच्च्या माशांचा. पण काही जातींच्या माशांत थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते खाद्यातल्या ब-१ ची, म्हणजे थायमिनची, मोडतोड करते. असे खाद्य खाणाऱ्या ट्राउटचा तोल जाई, झटके येत. पँटोथेनिक आम्ल हे ब गटातलेच जीवनसत्त्व कमी पडले की कल्ल्यांच्या पाकळ्या सुजून एकमेकींना चिकटत आणि मासा गुदमरे. कल्ल्यांना जिवाणूंचा रोगही होतो, त्यामुळे हे दोन्ही वेगळे ओळखणे सोपे नव्हते.

ही गुंतागुंत सोडवण्याचे मोठे श्रेय मत्स्यपोषणाचे अमेरिकी संशोधक जॉन हॅल्व्हर यांचे. त्यांनी शुद्ध घटकांचे खाद्य बनवले आणि त्यातून दर वेळी एकच जीवनसत्त्व वगळून चिनुक सॅमनवर काय परिणाम होतो ते पाहिले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे लक्षण आणि कारण यांची जोडी प्रथमच नीट लागली. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांबाबत पुढचे बहुतेक संशोधन याच पायावर उभे आहे.

जपानमध्ये कार्प माशांना रेशमाच्या कोषातले किडे (प्यूपे) घालत. ते साठवणीत खवट झाले की माशाच्या पाठीचे मांस झडे, कणा धारदार दिसे आणि त्यापुढे डोके मोठे वाटे. ‘सेकोके’ नावाचा हा आजार ई जीवनसत्त्वाने टळतो, हे १९६० च्या दशकात सिद्ध झाले.

सर्वाधिक नुकसान मात्र क जीवनसत्त्वाच्या अभावाने झाले असावे. बहुतेक पाळीव माशांना ते शरीरात तयार करता येत नाही. ते नसले तर हाडांना बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन कच्चे राहते, कणा वाकतो आणि मणके मोडतात. कॅटफिशमध्ये जिवाणूंचा प्रतिकारही घटतो. मासे विरळ असलेल्या तळ्यात नैसर्गिक अन्नाने भागते. दाटीवाटीच्या पिंजऱ्यात भागत नाही. खाद्याच्या गोळ्या बनवताना उष्णतेने आणि नंतर साठवणीत हे जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होई. फॉस्फेट जोडलेली टिकाऊ रूपे वापरात आल्यावर ही अडचण मोठ्या प्रमाणात सुटली.

आता खाद्यातल्या मत्स्यचूर्णाची (माशांच्या पुडीची) जागा सोयाबीन आणि इतर वनस्पतिजन्य घटक घेत आहेत. वनस्पतींत ब-१२ जवळजवळ नसतेच, त्यामुळे मत्स्यचूर्णातून आपसूक मिळणारे हे जीवनसत्त्व आता मोजून घालावे लागते.