क्लिनिकल ट्रायलचं व्यवस्थापन

नवीन औषध, लस किंवा उपकरण माणसांवर तपासून बघायचं तर त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या, पैसा, माणसं, औषधाचा साठा आणि सगळ्यात जास्त म्हणजे नोंदी सांभाळायचं जे काम असतं ते म्हणजे क्लिनिकल ट्रायल मॅनेजमेंट. बाहेरून वाटतं ट्रायल म्हणजे डॉक्टर आणि पेशंट, पण आतली बरीचशी धावपळ असते हॉस्पिटलातलं रोजचं काम सांभाळणारा कोऑर्डिनेटर, नोंदी तपासायला येणारा मॉनिटर आणि डेटावाल्यांची. पुढे कधी कोणी तिऱ्हाईत इन्स्पेक्टर आला आणि फाइल उघडली तर काय घडलं, कधी घडलं, कोणी केलं हे त्याला कोणालाही न विचारता कळलं पाहिजे, सगळा खटाटोप त्यासाठीच.

माणसांवरच्या प्रयोगांचे हे नियम कोणाला हौस होती म्हणून झाले नाहीत. १९४७ चा न्युरेम्बर्ग कोड नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आला, १९६४ मध्ये हेलसिंकीचा जाहीरनामा झाला, आणि तरीही अमेरिकेत टस्कीगीला सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना १९७२ पर्यंत उपचाराविना नुसतं बघत ठेवलं होतं, पेनिसिलिन मिळायला लागून कित्येक वर्षं झाली होती तरी. आज बहुतेक देश धरून चालतात ती आयसीएचची, म्हणजे औषधांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, गुड क्लिनिकल प्रॅक्टिस ही नियमावली, म्हणजे जीसीपी, १९९६ ची. २०१६ ला तिच्यात भर पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिसरी आवृत्ती पक्की झाली.

जबाबदारीची वाटणी कागदावर सोपी आहे. पैसा आणि औषध स्पॉन्सरचं, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीचं किंवा संस्थेचं, तो कामं सीआरओकडे म्हणजे कंत्राटी संशोधन कंपनीकडे देऊ शकतो, पण जबाबदारी देऊ शकत नाही. हॉस्पिटलच्या बाजूने प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे तिथल्या ट्रायलचा मुख्य डॉक्टर असतो, आणि त्याने कोणतं काम कोणाला दिलं हे डेलिगेशन लॉगमध्ये सहीतारखेनिशी लिहिलेलं असतं. पेशंटचं हित बघणारी एथिक्स कमिटी या दोघांपासून स्वतंत्र, तिच्या मंजुरीशिवाय एकही पेशंट घेता येत नाही.

खरी परीक्षा बारीकसारीक गोष्टीत होते. समजा संमतीपत्रावर पेशंटची सही १० वाजून ४० मिनिटांची आहे आणि लॅबच्या चिठ्ठीवर रक्त घेतल्याची वेळ १० वाजून २५ मिनिटं. फक्त ट्रायलसाठीच घेतलेलं रक्त असेल तर संमतीच्या आधी सुई टोचली असा त्याचा अर्थ होतो, मग भले नर्सचं घड्याळ पुढे-मागे असो. मॉनिटर हे पकडतो, डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, लिहिलं जातं, आणि जुनी वेळ खोडून नवी टाकणं हा उपाय नव्हेच, चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. औषधाच्या फ्रिजचंही तसंच, २ ते ८ डिग्रीच्या बाहेर काटा गेला की तो साठा वेगळा ठेवायचा आणि स्पॉन्सरचं उत्तर येईपर्यंत कोणाला द्यायचा नाही, पेशंट बाहेर ताटकळत बसला असला तरी.

गंभीर त्रास झाला, म्हणजे मृत्यू, जिवाला धोका, ॲडमिट व्हावं लागणं वगैरे, तर इन्व्हेस्टिगेटरने स्पॉन्सरला लगेच कळवायचं, बहुतेक प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, २४ तासांची मुदत असते. औषधामुळे झाल्याचा संशय असेल आणि आधी अपेक्षित नसेल तर स्पॉन्सरला नियामकाकडे, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे जावं लागतं, जीवघेण्या घटनेत ७ दिवसांत, बाकीच्यांत १५. कामाचं नियोजन चुकलं की काय होतं याचं उदाहरण म्हणून २००६ मधली लंडनची टीजीएन१४१२ या नव्या औषधाची ट्रायल सांगतात: सहा निरोगी तरुणांना जेमतेम दहा-दहा मिनिटांच्या अंतराने औषध दिलं, पहिल्याला काय होतं हे नीट बघायला न थांबताच बाकीच्यांनाही औषध गेलं, सहाही जण आयसीयूत गेले. ते वाचले, आणि पहिल्यांदाच माणसाला द्यायचं औषध एकेकाला थांबून द्यायचं ही शिस्त त्यानंतर घट्ट झाली.

पण ट्रायल रखडतात त्या बहुतेक वेळा पेशंट न मिळाल्यामुळे. सुरुवातीला प्रत्येक सेंटर भरघोस आकडा सांगतं, मग निकष इतके कडक निघतात की दारात आलेले अर्धेअधिक स्क्रीनिंगलाच, म्हणजे निवडीच्या तपासणीतच गळतात, आणि स्क्रीनिंगचे पैसे करारात नीट लिहिलेले नसले की कोऑर्डिनेटर आणि स्पॉन्सर यांची महिनोन्‌महिने पत्रापत्री चालते.

पूर्वी मॉनिटर केसपेपरमधला आकडा न्‌ आकडा सिस्टीमशी ताडून बघायचा, आता जिथे धोका जास्त तिथे जास्त बघा असा कल आहे, आणि तो बरोबरच आहे, कारण वजनाच्या दशांशावरून क्वेरी, म्हणजे नोंदीबद्दलच्या शंका, काढण्यात दिवस जातात आणि चुकीचा डोस नजरेतून सुटतो. २०२० ची ब्रिटनमधली कोविडच्या उपचारांवरची रिकव्हरी ट्रायल बघा, आटोपशीर फॉर्म, मोजकीच माहिती, शंभरावर हॉस्पिटलं, मार्चमध्ये सुरू आणि जूनमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं उत्तर हातात.

शेवटच्या क्वेरी मिटल्या की डेटाबेस लॉक होतो, म्हणजे त्यात बदल करता येत नाही, आणि ब्लाइंडेड ट्रायलमध्ये, जिथे कोणाला काय दिलं हे लपवलेलं असतं, कोणाला खरं औषध आणि कोणाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नुसता दिखावा, हे त्यानंतरच उघडतं, आधी उघडलं तर निकालावर कोण विश्वास ठेवणार. मग क्लोजआउट व्हिजिट, म्हणजे सेंटर बंद करायची शेवटची भेट, उरलेलं औषध मोजून परत, आणि कागदपत्रं अर्काइव्हमध्ये. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे मास्टर फाइल, म्हणजे ट्रायलच्या महत्त्वाच्या कागदपत्रांची फाइल, ट्रायल संपल्यावर किमान २५ वर्षं ठेवावी लागते, तेव्हा या साठवणुकीचा खर्च करार करतानाच बजेटमध्ये धरलेला बरा.