एकच वायू, जतला वेगळा नि मिरजेला वेगळा

सांगली जिल्ह्यात पिकाचे दोन टोकांचे हाल एकाच दिवसात बघून होतात. जतच्या माळावर शाळू भर दुपारी पाने गुंडाळून उभा असतो, कारण मुळाखाली ओल उरलेली नसते. तिथून मिरजेकडे, कृष्णाकाठच्या क्षारपड रानात या. पाण्याला निचरा नाही, जमिनीवर पांढरे मीठ फुटलेले आणि ऊस पिवळा पडलेला. एकाला पाणी मिळत नाही, दुसऱ्याच्या मुळाशी ते तुंबलेले. तरी दोन्ही पिकांच्या आत निरोपानिरोपीत एकच चिमुकला रेणू असतो, नायट्रिक ऑक्साइड. एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, बस्स.

बाहेर या वायूचे नाव तसे बदनामच. गाडीच्या धुरात तो असतो. पण आपल्या रक्तवाहिन्याही तो स्वतः तयार करतात आणि त्याच्यामुळे सैल होतात. हे उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी सोयाबीन आणि तंबाखूवरच्या प्रयोगांतून दिसले, की रोगजंतूंशी लढताना झाडेही हाच वायू वापरतात. नोबेलच्या गाजावाजात ती बातमी मागे पडली, पण शेतीच्या दृष्टीने मला तीच मोठी वाटते.

हा रेणू इतका लहान आहे, की पेशीच्या पडद्यातून जायला त्याला वेगळे दार लागत नाही. त्याच्याकडे एक सुटा इलेक्ट्रॉन असतो, त्यामुळे तो पटकन कुणाला तरी चिकटतो आणि काही सेकंदांतच संपतो. प्रथिनांमधले गंधकाचे टोक किंवा लोह सापडले, की तिथे बसतो आणि त्या प्रथिनाचे काम चालू तरी करतो नाहीतर बंद पाडतो. साखर कारखान्याचा भोंगा एकच असतो, पण सकाळी तो पाळी सुरू झाल्याचे सांगतो आणि दुपारी सुटल्याचे. इथेही तसेच. कुठल्या पेशीत, किती आणि कधी, यावर अर्थ ठरतो.

आधी जतचे बघू. पाने श्वास घेतात ती पर्णरंध्रांतून. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला ऱ्हिओच्या पानाची खालची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली असेल, तर दोन रक्षक पेशींमधली ती फट आठवेल. ओल कमी झाली, की झाडात अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. ते रक्षक पेशीत पोहोचले, की तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाठोपाठ नायट्रिक ऑक्साइड तयार होते. या वायूशी जोडले गेल्यावर हिरवे चमकणारे एक रंगद्रव्य आहे. ते घालून संशोधकांनी पाहिले, तर संप्रेरक दिल्यावर काही मिनिटांतच रक्षक पेशी उजळल्या. पुढे पेशीतल्या साठ्यांतून कॅल्शियम सुटते, पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडू लागतात, त्यांच्यामागे पाणी जाते, पेशी मऊ पडतात आणि फट मिटते. पाणी वाचले.

पण फट मिटली म्हणजे कार्बन डायऑक्साइडही आत येणार नाही, अन्न बनणार नाही. म्हणून हाच वायू पुढे उलटे कामही करतो. रंध्र मिटवण्याच्या साखळीतल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाला चिकटून तो त्याला थंड करतो, हे २०१५ मध्ये कळले. बंद करणाराही तोच आणि लगाम लावणाराही तोच!

आता कृष्णाकाठ. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो, त्यामुळे तुंबलेल्या जमिनीत मुळे अक्षरशः गुदमरतात. झाडात काही प्रथिने असतात, जी कमी ऑक्सिजनात तग धरण्याची जनुके चालू करतात. एरवी ऑक्सिजन आणि नायट्रिक ऑक्साइड दोन्ही हजर असल्याने ती बनता बनताच मोडली जातात. मुळे पाण्याखाली गेली, की झाडातला इथिलीन वायू बाहेर पडू शकत नाही आणि आतच साठतो. तो फायटोग्लोबिन नावाचे प्रथिन वाढवतो. हे आपल्या हिमोग्लोबिनचे भाऊबंदच, आणि ते नायट्रिक ऑक्साइड वेचून संपवते. मग ती राखीव प्रथिने टिकतात आणि ऑक्सिजन पुरता संपण्याआधीच मूळ तयारीला लागते. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपावर हे २०१९ साली दाखवले गेले. सांगलीला महापुराने वेढले ते हेच वर्ष.

म्हणजे जतला वायू वाढणे ही सूचना, आणि मिरजेला तो नाहीसा होणे ही सूचना. पूर ओसरल्यावर उभ्या उसाच्या पेरांना पांढऱ्या मुळ्यांचे झुबके फुटलेले दिसतात. अशा आगंतुक मुळ्या फुटण्यातही याच वायूचा हात असतो, हे काकडीच्या रोपांवरच्या प्रयोगांत आढळले आहे.

तो बनतो कुठून, यावर बरीच वर्षे वाद झाला. प्राण्यांमध्ये त्यासाठी खास विकर (एन्झाइम) असते. झाडांतही ते सापडल्याचे २००३ मध्ये जाहीर झाले, पण पुढे ते प्रथिन भलतेच काम करणारे निघाले. २०१६ मध्ये हजाराहून अधिक वनस्पतींची जनुकीय माहिती चाळली, तेव्हा काही शेवाळे सोडली तर जमिनीवरच्या एकाही झाडात प्राण्यांसारखे विकर मिळाले नाही. मुख्य वाट निघाली ती नायट्रेट रिडक्टेजची. खतातल्या नायट्रेटचे नायट्राइट करणारे हे नेहमीचे विकर, नायट्राइटपासून थोडा हा वायूही करते.

मग फवारून का देऊ नये? प्रयोगशाळेत त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरतात. रक्तदाबाच्या आणीबाणीत रुग्णालयातही ते देतात. पण त्याच्या रेणूत पाच सायनाइड गट असतात, उजेडात ते सुटतात. ते रानात आणायची वस्तू नव्हे. शिवाय मात्रा वाढली, की हाच वायू पेशी मारू लागतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी उसाच्या रोपांवर दुसरा मार्ग वापरून पाहिला. वायू हळूहळू सोडणारे संयुग त्यांनी कायटोसानच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या, अतिसूक्ष्म कणांत बंद करून दिले, आणि पाण्याच्या ताणात ती रोपे जास्त चांगली टिकली. हे प्रयोग कुंडीतले आहेत, एकरातले नाहीत. तेव्हा दुकानात कुणी ताण घालवणारी नायट्रिक ऑक्साइडची बाटली पुढे केलीच, तर आत कोणते रसायन आहे ते आधी विचारा. आणि क्षारपड रानाचे म्हणाल, तर तिथे आजही पहिला खर्च तुंबलेले पाणी काढून नेणाऱ्या जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांवरच करावा लागतो.