फराक्का: दहा-दहा दिवसांचं पाणी

भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप कराराची तीस वर्षांची मुदत १२ डिसेंबर २०२६ला संपते. मूळ भांडण मात्र बांगलादेशच्या जन्माआधीचं. गंगेचा फाटा असलेल्या हुगळीत गाळ साचून कोलकाता बंदर आटत होतं. गंगेतून ४०,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी तिकडे वळवायचं ठरलं. पूर्व पाकिस्तानात १९५१ पासूनच त्यावर हरकत होती. तरी १९६१ मध्ये काम सुरू झालं आणि १९७५ मध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातला १०९ दारांचा फराक्का बंधारा चालू झाला. पहिला समझोता जेमतेम ४१ दिवसांचा होता. पुढच्याच वर्षी बांगलादेशी नेते मौलाना भाशानींनी तिथल्या राजशाही शहराहून फराक्काच्या दिशेने मोर्चा काढला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेला.

१९७७चा करार पाच वर्षांचा. प्रवाह कितीही घटला तरी ठरलेल्या वाट्याच्या किमान ८० टक्के पाणी बांगलादेशला मिळेल, अशी हमी त्यात होती. नंतरच्या समझोत्यांतून ती गळाली. १९८८ नंतर तर आठ वर्षं कागदच नव्हता. त्या काळात बांगलादेशात गंगेतून फुटणाऱ्या गोराई नदीचं मुख उन्हाळ्यात कोरडं पडायचं आणि दक्षिणेला खुलन्याकडे समुद्राचं खारं पाणी आत सरकायचं. कराराची किंमत कळायला ही आठ वर्षं पुरेशी आहेत.

१९९६ मध्ये देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सह्या केल्या. त्यामागे पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंचा मोठा हात होता. जानेवारी ते मे, दर दहा दिवसांनी हिशेब. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. ११ मार्च ते १० मे या सर्वांत कठीण काळात दहा-दहा दिवस आळीपाळीने एकेकाला ३५,००० क्युसेक हमखास. १९४९ ते १९८८च्या सरासरीनुसार एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत फराक्काला ६०,९९२ क्युसेक येतात. ती पाळी बांगलादेशची, म्हणजे भारताला उरतात २५,९९२. दोन्ही देशांचे अभियंते फराक्का आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलाजवळ रोज हे पाणी मोजतात. प्रवाह ५०,०००च्या खाली गेला, तर मात्र फक्त ‘तातडीने चर्चा’. लवादाची तरतूद नाही.

मला खरी उणीव दिसते ती पाणलोटाची. वाटणी होते एका बंधाऱ्यापाशी, पण पाणी कमी होतं वर, उत्तर प्रदेश-बिहारच्या कालव्यांत आणि उपशात. वरच्या देशाने फराक्कापर्यंतचा प्रवाह राखायला ‘सर्व प्रयत्न’ करावेत, एवढंच करारात आहे. उन्हाळ्यात गंगेला तारणाऱ्या घागरा, गंडक, कोसी येतात नेपाळमधून, आणि नेपाळ या करारात नाहीच.