कानावर पडणारी कानडी

बॉस्टन शहराबाहेरची काही छोटी रेल्वे स्टेशनं. सकाळची वेळ, रोजचेच चेहरे, बहुतेक सगळे गोरे, सगळ्यांची भाषा इंग्रजी. हार्वर्ड विद्यापीठातल्या रायन एनॉस या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने तिथे ठरावीक गाडीच्या वेळेला स्पॅनिश बोलणाऱ्या तरुणांच्या जोड्या उभ्या करायला सुरुवात केली. त्यांनी काही विकायचं नव्हतं, कुणाशी बोलायला जायचं नव्हतं. आपापल्या गप्पा मारायच्या आणि गाडी आली की चढायचं. प्रवाशांकडून आधी एक प्रश्नावली भरून घेतली होती, नंतर पुन्हा एकदा घेतली. बाहेरच्या देशांतून येऊन राहणाऱ्यांबद्दल तुमचं मत काय, असे प्रश्न त्यात होते. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन परक्या माणसांच्या गप्पा तीन दिवस कानावर पडल्या, एवढ्यावरच लोकांची मतं कडक झाली होती. बॉस्टन म्हणजे अमेरिकेतला पुढारलेल्या विचारांचा मुलूख समजतात, तरीही.

या प्रयोगाचा पुढचा भाग मात्र सांगणारे कमी भेटतात. ज्यांना तीनऐवजी दहा दिवसांनी विचारलं, त्यांच्यातला कडकपणा बराच उतरला होता. उभ्या केलेल्या तरुणांपैकी एकाने तर कळवलं, की लोक आता आम्हाला ओळखायला लागलेत, बघून हसतात.

हाच प्रयोग मिरज-लोंढा मार्गावर करायला कुणी आलं तर त्याचे पैसे वाया जातील. कुडची, घटप्रभा, गोकाक रोड अशी स्टेशनं घेत गाडी बेळगावात येते, तोवर डब्यात कानडी, मराठी आणि उर्दूचा काला झालेला असतो. खानापूर सोडून लोंढ्याकडे निघालं की कोकणीही येऊन बसते. इथे दोन माणसं कानडीत बोलत उभी केली तर त्यांच्याकडे मान वळवूनही कुणी बघणार नाही. फार तर एखादी आजी त्यांना सरकून घ्यायला सांगेल, आणि तेही कानडीतच.

तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमध्ये कंडक्टर आणि प्रवासी यांच्यात कुठल्या भाषेत बोलायचं यावरून वाजलं, मारहाण झाली, आणि त्यापायी दोन राज्यांमधल्या बसफेऱ्या थांबल्या. पिढ्यान्‌पिढ्या कानाला सवय असलेल्या मुलखात ही ठिणगी पडते कुठे? माझं म्हणणं असं, की ती कानात पडत नाही. पण हे पटायला आधी कानात काय होतं ते बघावं लागतं.

बोललेल्या वाक्यात शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नसते. आवाजाचा आलेख काढला तर सगळा सलग पट्टा दिसतो. मधूनमधून जी शांतता दिसते ती पुष्कळदा शब्दाच्या पोटातच असते, क, ट, प म्हणताना जीभ किंवा ओठ क्षणभर हवा अडवतात तेव्हाची. शब्द सुटे करण्याचं काम मेंदू करतो, आणि भाषा येत असते म्हणून करू शकतो. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांचा सलग प्रवाह दोन मिनिटं ऐकवला. कुठल्या अक्षरामागून कुठलं अक्षर हमखास येतं, याचा हिशेब त्या बाळांनी तेवढ्यात धरला होता. परक्या भाषेत मोठ्या माणसाचा हा हिशेब बसत नाही आणि मग वाटतं, किती भराभरा बोलतात हो ही माणसं! कोल्हापूरचा पाहुणा धारवाडी कानडीबद्दल हेच म्हणतो, आणि धारवाडचा माणूस आपल्या मराठीबद्दल. २०१९ साली सतरा भाषांची मोजणी प्रसिद्ध झाली. काही भाषांत सेकंदाला जास्त अक्षरं पडतात, काहींत कमी, पण सेकंदाला पोचणारी माहिती सगळीकडे जवळपास सारखी निघाली, सुमारे ३९ बिट (बिट हे माहिती मोजायचं माप). घाईत कुणीच नसतं.

मराठी कानाला कानडी तशी फार लांबची नाही. इंग्रजी घरात वाढणाऱ्या बाळाला सहा-आठ महिन्यांचं असताना हिंदीतल्या 'त' आणि 'ट' मधला फरक ऐकू येतो आणि वर्षाचं होईतो तो हरवतो, हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं. आपल्याकडच्या बाळाचा तो हरवायचं कारणच नाही. ट, ण, ळ दोन्ही भाषांच्या घरात नांदतात. गाडी अडते ती ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए', 'ओ' पाशी. कानडी हे वेगळे धरते, मराठी धरत नाही, त्यामुळे मोठेपणी कानडी शिकणारा मराठी माणूस तिथे ठेचकाळतो आणि समोरचा गालातल्या गालात हसतो.

आता त्रासाचं बघू. परकी भाषा कानावर पडली की खरंच डोक्याला ताप होतो का? होतो, पण आपण समजतो तसा नाही. १९७६ साली कॉल आणि वेल्श या दोघांनी विद्यार्थ्यांना अक्षरांची मालिका क्रमाने लक्षात ठेवायला लावली आणि त्याच वेळी त्यांच्या कानावर जर्मन उतारा पाडला. विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हतं, तरी चुका वाढल्या. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. पण गर्दीत समोरच्याचं बोलणं नीट ऐकायचं असेल, तर मागचा गलका आपल्या भाषेतला असला की जास्त नडतो. इंग्रजी श्रोत्यांना मागची चिनी बडबड इंग्रजी बडबडीइतकी आड आली नाही, हे २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. कारण उघड आहे. कळणाऱ्या शब्दाकडे लक्ष ओढलं जातंच.

सगळ्यात त्रास देतं ते अर्धवट. कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हे दाखवलं. लोकांना एकाग्रतेचं काम दिलं आणि शेजारी फोनवरचं संभाषण लावलं. दोन्ही बाजू ऐकू येत होत्या तेव्हा काम ठीक झालं. एकच बाजू ऐकू आली तेव्हा बिघडलं. पुढचं वाक्य काय येणार याचा अंदाज बांधत मेंदू अडकून पडतो. तोच आवाज शब्द ओळखू येणार नाहीत असा गाळून लावला, तेव्हा त्रास नाहीसा झाला.

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातल्या पुष्कळ मराठी माणसांची कानडी अशीच अर्धी असते. प्रयोग अर्ध्या संभाषणाचा होता, अर्ध्या भाषेचा नव्हता. पण मला या दोन्हींत फार अंतर वाटत नाही. पुण्याच्या माणसाला इथला कानडी गलका पावसाच्या आवाजासारखा असतो. आपल्याला मात्र मधूनच 'नाळे', मधूनच 'दुड्ड' ऐकू येतं आणि कान टवकारले जातात. उद्या काय? पैसे कुणाचे?

लग्नसराईत बेळगावच्या शहापुरातल्या साडीच्या दुकानात बसून बघा. सावंतवाडीकडून बस्ता बांधायला आलेलं कुटुंब गादीवर बसलेलं असतं. मालक मराठीत साड्यांचं कौतुक करत घड्या मोडत असतो. गल्ल्यावरचा त्याचा भाऊ कानडीत काहीतरी विचारतो, मालक कानडीतच उत्तर देतो आणि दोघं हसतात. नवरीच्या मामांच्या कपाळावर आठी पडते. आपल्याला कापायचा बेत चाललाय, याबद्दल त्यांची खात्री पटलेली असते. शेजारी बसलेली, बेळगावातल्याच अनगोळची बाई मात्र पदर तोंडाला लावून हसते. तिने 'ऐवत्त' आणि 'कम्मी' एवढे दोन शब्द उचललेले असतात. "पन्नास कमी करूया म्हणालेत हो मामा, तुम्ही शंभर तोडून मागा," ती सांगते. सीमाभागातल्या माणसाला दुसरं काही आलं नाही तरी आकडे येतात. मालकाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होतो.

मामांची शंका वेड्यासारखी नव्हती. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाचा एक साधा खेळ आहे: संगणकावर तिघांनी एकमेकांकडे चेंडू टाकायचा आणि थोड्या वेळाने दोघांनी तिसऱ्याला चेंडू देणं बंद करायचं. तेवढ्यानेही तिसऱ्याचं मन खट्टू होतं. खेळणारी माणसं नाहीत, नुसता संगणक आहे, हे आधी सांगितलं तरी होतं. २००३ साली असा खेळ चालू असताना मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडला जाणारा भाग जागा झालेला दिसला. २००९ सालच्या एका प्रयोगात सोबतचे दोघं मध्येच तिसऱ्याला न येणाऱ्या भाषेत बोलू लागले. तिसऱ्याला डावलल्यासारखं वाटलं आणि रागही आला. अंगणातल्या खेळात 'तू नाहीस' म्हटल्यावर पोराचं तोंड होतं तसं ते. भाषा कुठली, याच्याशी त्या रागाला देणंघेणं नसतं.

भाषा कुठली याच्याशी देणंघेणं असतं ते दुसऱ्या एका गोष्टीत. १९६० साली मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या माणसांकडून एकच मजकूर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं, ही वेगवेगळी माणसं आहेत. त्यांना नुसत्या आवाजावरून माणसाला गुण द्यायचे होते: हुशार किती, भरवशाचा किती, उंच किती. तोच माणूस इंग्रजीत बोलला की वरचढ ठरला. खुद्द फ्रेंच श्रोत्यांनीही इंग्रजी आवाजालाच झुकतं माप दिलं. त्या वेळी त्या शहरात पैसा आणि अधिकार इंग्रजीच्या हातात होता, आणि कान तेच ऐकत होते. सत्ता कुठे आहे हे कानाला कळतं, आणि आपलीच भाषा खाली असली तरी कळतं.

एका सरकारी कार्यालयात वारसाची नोंद करायला गेलो होतो. खिडकीसमोरच्या टपरीवर एक गृहस्थ फर्मास मराठीत चहा सांगत होते, टपरीवाल्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी करत होते. दहा मिनिटांनी तेच खिडकीच्या आत बसले होते आणि मला कानडीत अर्ज कुठे चुकला ते सांगत होते. अर्ज कानडीत, सही कुठे करायची ते कानडीत. मराठीत विचारलं तर त्यांनी छापील सूचनेकडे बोट दाखवलं. माणूस तोच, आवाज तोच. टपरीवर ते कानडीत बोलले असते तर माझ्या कानाला काहीच लागलं नसतं. खिडकीत मात्र अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या बाजूनेही बघायला हवं: वरून आलेला नियम ते पाळत होते, आणि मराठीत बोलून कुणी तक्रार केली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं. बेंगळुरूकडून बदली होऊन इथे आलेल्या माणसाला तर आपल्याच राज्यात बाजारभर मराठी ऐकताना उपरं वाटत असणार. त्याचा बॉस्टनचा तिसरा दिवस चालू असतो.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं, की दोन गट एकत्र आले म्हणजे आपोआप जवळ येतात असं नाही. चार गोष्टी लागतात: बरोबरीची पत, एकच उद्देश, मिळून करायचं काम, आणि वरच्या अधिकाराचा पाठिंबा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ साली ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले. या अटी पुऱ्या नसल्या तरी नुसत्या सहवासाने पूर्वग्रह थोडा कमी होतो, आणि अटी जुळल्या तर जास्त, असं निघालं. बेळगावच्या भाजीबाजारात पहिल्या तीन अटी रोज सकाळी पुऱ्या होतात. विकणाऱ्याला विकायचं असतं, घेणाऱ्याला घ्यायचं असतं, आणि दर ठरेपर्यंत दोघं बरोबरीचे असतात. कचेरीच्या खिडकीत पहिलीच अट मोडते. चौथीबद्दल न बोललेलं बरं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९६६ साली सीमावादावर महाजन आयोग बसला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि १ नोव्हेंबरला एकाच शहरात काहींचा राज्योत्सव आणि काहींचा काळा दिवस असतो. नुसत्या कानाच्या सवयीने हे सुटणारं नाही.

कान आणि जीभ किती सोसतात याचा नमुना इथून फार दूर नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. जैन आणि लिंगायतांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, इतर बहुतेकांच्या घरी मराठी, अशी गावाची रचना होती, आणि ही शेकडो वर्षांची. इतक्या काळात तिन्ही भाषांचं व्याकरण एकमेकांत इतकं विरघळलं होतं, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत उतरवता येत होतं. शब्द मात्र ज्याने त्याने आपापलेच राखले. वाक्याची घडण एक झाली तरी कुणाचं घर कुठलं, हे पहिल्या शब्दाला कळायला हवं होतं. आणि चारचौघांत बोलायला बरेचदा मराठी वापरली जायची, कारण गावातल्या वजनदार घरांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती. तिचा कुणाला धाक वाटत नव्हता.

बेळगावात मराठीला ती सोय नाही आणि कानडीलाही नाही. दोन्हींच्या मागे एकेक राज्य उभं आहे. अलीकडे मोबाईलच्या दुकानात एक गंमत दिसते: काउंटरच्या अलीकडचा मुलगा मराठी, पलीकडचा कानडी, दोघांना एकमेकांची भाषा कामापुरती येते, आणि दोघं बोलतात हिंदीत.